संत्र्याचे मूळ, मातीतील जीवसृष्टी आणि बाटलीबंद बाजार

विदर्भातील संत्रा उत्पादक शेतकऱ्याला गेली काही वर्षे एकच पाठ पढवला जात आहे. बाग वाळू लागली, फळगळ झाली, बुंध्यातून डिंक पाझरू लागला, की कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, कंपनीचा प्रतिनिधी, व्यासपीठावरचे मंत्रिमहोदय आणि शिबिरांतून प्रवचने झोडणारे नैसर्गिक शेतीचे आचार्य हे सर्व जण एका सुरात त्याला सांगतात की, तुझी जमीन मेली आहे आणि ती तूच मारली आहेस. आरोप एकच, प्रायश्चित्ते मात्र निरनिराळी. पहिले दोघे बाटली विकतात, तिसरे योजना जाहीर करतात, चौथे गोमूत्र शिंपडावयास सांगतात. ज्याच्यावर आरोप ठेवला जातो त्याची बाजू ऐकून घेण्याची तसदी यांपैकी कोणीही घेत नाही.

आरोपात तथ्यच नाही असे नव्हे. अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शी आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल-नरखेड या पट्ट्यातील अनेक बागांची माती आज क्षीण झाली आहे, तिच्यातील सेंद्रिय अंश घटला आहे आणि त्या अंशावर जगणारी सूक्ष्म जीवसृष्टी दुबळी झाली आहे. परंतु ती कोणी दुबळी केली, कोणत्या धोरणाने केली आणि तिच्या दुबळेपणावर आज कोणाचा धंदा उभा आहे, हे प्रश्न विचारले की हे सारे वक्ते एकाएकी मूक होतात. म्हणूनच ते प्रश्न विचारले पाहिजेत. आणि ते नीट विचारता यावेत यासाठी संत्र्याच्या मुळाभोवती नेमके काय घडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण हा सारा बाजार शेतकऱ्याच्या अज्ञानावर नव्हे, तर त्याच्यापासून दडवून ठेवलेल्या ज्ञानावर चालतो.

१९०४ साली लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने मुळाला लगटून असलेल्या मातीच्या पातळ थराला ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे नाव दिले. मराठीत त्याला मूलपरिसर म्हणता येईल. काही मिलिमीटर जाडीचा हा थर आणि त्याच्या बाहेरची माती यांत दिवस-रात्रीचा फरक असतो. झाड आपल्या पानांत सूर्यप्रकाशाच्या बळावर जे अन्न तयार करते, ते सर्वच्या सर्व फळा-फांद्यांना देत नाही. त्याचा एक हिस्सा, काही वनस्पतींच्या बाबतीत पाचव्या हिश्श्यापर्यंत, ते मुळांवाटे मातीत सोडते. साखर, आम्ले, प्रथिनांचे घटक अशा रूपाने झिरपणाऱ्या या अन्नावर जिवाणू आणि बुरशी यांची प्रचंड वस्ती पोसली जाते. ही झाडाची उधळपट्टी नव्हे. त्या मोबदल्यात हे जीव मातीत अडकून पडलेले स्फुरद विरघळवतात, लोह आणि जस्त मुळाच्या आवाक्यात आणतात, मुळाला फुटवे आणणारी द्रव्ये निर्माण करतात आणि रोगजंतूंची वाट अडवतात.

संत्र्याच्या बाबतीत या देवघेवीला आणखी महत्त्व आहे. ज्वारी किंवा गहू यांच्या मुळांवर केसासारख्या असंख्य तंतूंचे दाट आवरण असते. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर ते तोकडे आणि विरळ असते. ती उणीव भरून काढते एक बुरशी. ती मुळाच्या पेशींत शिरून राहते आणि आपले सूक्ष्म धागे मुळाच्या आवाक्यापलीकडे दूरवर पसरवते. १८८५ साली फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने बुरशी आणि मूळ यांच्या अशा सहजीवनाला ‘मायकोरायझा’ म्हटले. संत्र्याचे झाड आपले स्फुरद आणि जस्त मोठ्या प्रमाणावर या धाग्यांमार्फतच मिळवते. थोडक्यात, ज्याला शेतकरी संत्र्याचे मूळ म्हणतो ते एकट्या झाडाचे मूळ नसतेच.

हे सत्य भांडवली शेतीला किती उशिरा आणि कशी ठोकर खाऊन कळले, याची हकीकत बोधप्रद आहे. अमेरिकेतील लिंबूवर्गीय रोपवाटिकांत रोग टाळण्यासाठी माती विषारी वायूने निर्जंतुक करण्याची प्रथा रूढ झाली. माती ‘स्वच्छ’ झाली; परंतु त्या स्वच्छ मातीत लावलेली रोपे खुरटू लागली. विषारी द्रव्याचा अंश मातीत उरत असावा, अशी समजूत बराच काळ प्रचलित होती. १९७२ साली क्लाइनश्मिट आणि गर्डेमन या संशोधकांनी दाखवून दिले की, रोपे उपाशी होती. रोगजंतूंबरोबर ती सहजीवी बुरशीही मेली होती आणि तिच्यावाचून रोपांना समोर असलेले स्फुरदही घेता येत नव्हते. बुरशी परत देताच रोपे वाढू लागली. वरूडला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणून गौरवणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या संपत्तीबरोबर हा अनुभवही शेतकऱ्यांना सांगितला असता तर बरे झाले असते.

आता रोगाकडे वळू. विदर्भातील बागांचा मुख्य काळ म्हणजे डिंक्या आणि मूळकूज. हा रोग फायटोफ्थोरा या सूक्ष्मजीवामुळे होतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नासवून ज्याने लक्षावधी लोकांना उपासमारीच्या खाईत लोटले, त्याच्याच कुळातला हा जीव. तो मातीत सुप्तावस्थेत राहू शकतो. मात्र मातीत पाणी साचले की त्याचे बीजाणू शेपटीसारख्या तंतूंच्या साहाय्याने पोहत पोहत कोवळ्या मुळापर्यंत जाऊन पोचतात. निरोगी मातीत त्याला शत्रू असतात : ट्रायकोडर्मासारख्या बुरशी, स्यूडोमोनास आणि बॅसिलस वर्गातील जिवाणू. ते त्याचे अन्न पळवतात, काही त्याला थेट खातात. माती भुकेली असली आणि तिच्यात पाणी तुंबलेले असले, की या रक्षकांची फौज विरळ होते आणि मैदान फायटोफ्थोराला मोकळे मिळते.

तेव्हा प्रश्न असा की, बागेत पाणी का तुंबते? उपदेशक म्हणतात, शेतकऱ्याला अक्कल नाही, तो आळे भरून पाणी सोडतो. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे, काळ्या भारी जमिनीत निचऱ्याचे चर काढावेत, गादीवाफ्यावर लागवड करावी, कलमाचा डोळा जमिनीपासून पुरेसा उंच असावा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावावी, ही सर्व शिफारस योग्य आहे आणि ती शासकीय संशोधनातूनच पुढे आलेली आहे. परंतु शेतीपंपाला वीज रात्री मिळते, आणि तीही पाळीने व खंडित. साप-विंचवांच्या अंधारात मध्यरात्री उठून प्रत्येक आळ्याचे पाणी मोजून सोडणारा शेतकरी केवळ माहितीपत्रकातच असू शकतो. प्रत्यक्षातला शेतकरी पंप चालू करून दांड सोडून देतो, कारण वीज केव्हा जाईल याची त्याला शाश्वती नसते. म्हणजे फायटोफ्थोराला पोहण्यासाठी लागणारे पाणी वीजपुरवठ्याचे वेळापत्रक पुरवते. ठिबक संच बसवावा असे सांगणारे, अनुदानाची रक्कम किती महिने थकते हे सांगत नाहीत. दुसरीकडे भूजल उपसून उपसून वरूड तालुक्याची गणना अतिशोषित क्षेत्रात झाली आहे. शेकडो फूट खोल गेलेल्या विंधनविहिरींची बाग एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात वाळून जाते. २०१९ च्या उन्हाळ्यात या भागातील शेतकऱ्यांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. एकाच बागेत पावसाळ्यात मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात तहानेने मरतात. याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणणे हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

रोगाचा दुसरा उगम रोपवाटिकेत आहे. संत्र्याचे कलम जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केले जाते. जंबेरी जोमदार असते, पण फायटोफ्थोराला ती सहज बळी पडते. रोपवाटिकेचे वाफे वर्षानुवर्षे तेच राहिले आणि त्यांत रोगजंतू साठले, तर हजारो कलमांच्या मुळांशी चिकटून तो नव्या बागांत जातो. शेतकरी कलम विकत घेतो तेव्हा त्याबरोबर रोगही विकत घेतो. त्याचा प्रत्यय त्याला चार-पाच वर्षांनी, बाग फळावर येण्याच्या वेळी येतो. तोपर्यंत पावतीही हरवलेली असते. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा १९६९ पासून आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ कायदा आहे, निरीक्षक आहेत, परवाने आहेत. तरीही कलमाच्या मुळाशी असलेल्या मातीत रोगजंतू आहे की नाही हे तपासून मगच ते विक्रीला जाईल, अशी व्यवस्था सर्वसामान्य शेतकऱ्याच्या अनुभवास येत नाही. बंदिस्त वाफ्यात, निर्जंतुक माध्यमात पिशवीत वाढवलेली प्रमाणित कलमे नागपूरच्या केंद्रीय संस्थेत तयार होतात. मागणीच्या मानाने ती नगण्य आहेत.

जमीन भुकेली का झाली, याचे उत्तर तर सरकारच्या स्वतःच्या कागदपत्रांत आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये, नव्या आर्थिक धोरणाच्या पहिल्या धडाक्यात, स्फुरद आणि पालाश या खतांवरील किंमतनियंत्रण उठवण्यात आले. युरिया मात्र नियंत्रणात राहिला. २०१० साली पोषणमूल्याधारित अनुदान योजना आली, तिनेही युरियाला बाहेर ठेवले. परिणाम उघड होता. जे खत स्वस्त तेच शेतकरी टाकणार. ज्याच्या गाठीला पैसा नाही तो जमिनीच्या गरजेनुसार नव्हे, तर खिशाच्या ऐपतीनुसार खत देतो. नत्राचा एकांगी मारा, शेणखताचा तुटवडा आणि वाढलेली मजुरी यांच्या कात्रीत मातीतील सेंद्रिय कर्ब घटत गेला. कर्ब हेच मातीतील जीवांचे अन्न. आधी अन्न तोडायचे आणि मग जीव का मेले म्हणून शेतकऱ्यालाच जाब विचारायचा, असा हा न्याय आहे.

या न्यायाची जागती खूण म्हणजे मृदा आरोग्य पत्रिका. फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधानांनी मोठ्या गाजावाजाने ही योजना सुरू केली. पत्रिकेत १२ घटक तपासले जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मातीतील सजीवांविषयी एकही थेट चाचणी त्यांत नाही. ‘आरोग्य’ हा शब्द सजीवाला लावतात. माती सजीव आहे असे मुखपृष्ठावर म्हणायचे आणि आत तिची तपासणी दगडासारखी करायची! फळबागेच्या मुळांशी मित्र बुरशी किती, शत्रू किती, हे शेतकऱ्याला सांगणारी कोणतीही सार्वजनिक सोय तालुक्याच्या ठिकाणी नाही. जिथे सरकारने जागा मोकळी सोडली, तिथे व्यापारी येऊन बसला.

तो कसा बसला याची कबुली खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिली आहे. जुलै २०२५ मध्ये शिवराजसिंह चौहान यांनी सांगितले की, देशात अनेक वर्षे सुमारे ३०,००० जैवउत्तेजके कोणत्याही तपासणीविना विकली जात होती. पुढील चार वर्षांत सुमारे ८,००० बाजारात होती. काटेकोर छाननीनंतर ही संख्या जवळपास ६५० वर आली. समुद्रशैवालाचे अर्क, ह्युमिक आम्ल, जिवाणूंपासून काढलेली द्रव्ये अशा नानाविध वस्तू या नावाखाली मोडतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणण्यात आल्या, पण तात्पुरत्या परवान्यांना मुदतवाढ देत देत २०२५ उजाडले. मंत्रिमहोदयांनी हे आकडे स्वतःच्या कर्तबगारीचा पुरावा म्हणून सांगितले. त्यांचा खरा अर्थ निराळा आहे. ३०,००० पैकी ६५० उरली, याचा अर्थ शंभरातली सुमारे ९८ उत्पादने आपली उपयुक्तता सिद्ध करू शकली नाहीत किंवा करावयास पुढे आलीच नाहीत. त्यांवर शेतकऱ्यांनी खर्च केलेला पैसा कोण परत करणार? कर्ज काढून ती बाटली विकत घेतलेल्या शेतकऱ्याच्या खात्यावरचे व्याज कोणत्या छाननीत वजा होणार? याबद्दल एक अक्षरही उच्चारले गेले नाही.

जिवंत जिवाणू खतांची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि दोन्हींची सरमिसळ करणे हा विक्रेत्यांचा आवडता डाव आहे. जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत. भुकटीच्या खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात असा दंडक आहे. दंडक चांगला आहे. परंतु ही वस्तू दुधासारखी नाशवंत असते. कारखान्यातून निघताना ५ कोटी असलेल्या पेशींपैकी, विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात दोन महिने पडून राहिलेल्या पाकिटात किती उरतात? तालुक्यात त्या मोजण्याचे साधन नाही. दुधाला निदान वास तरी येतो. मेलेल्या जिवाणूंचे पाकीट आणि जिवंत जिवाणूंचे पाकीट दिसायला सारखेच असते.

जिवाणू जिवंत पोचले तरी प्रश्न संपत नाही. मातीत आधीपासून असलेल्या कोट्यवधी जीवांच्या गर्दीत बाहेरून आलेल्या पाहुण्याला टिकाव धरावा लागतो. अन्न नसेल तर तो काही आठवड्यांत नाहीसा होतो. म्हणूनच एका कुंडीत चमत्कार करणारा जिवाणू शेतात निष्प्रभ ठरतो.

या बाबतीत समाजवादी देशाचा अनुभव झाकून ठेवण्याचे कारण नाही. उलट तो उघडपणे मांडला पाहिजे. मातीतील जीवशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत कीव्ह येथे जन्मलेल्या विनोग्राद्स्की यांचे स्थान अग्रभागी आहे, आणि सोव्हिएत संघात या शास्त्राला मोठे प्रोत्साहन मिळाले. १९५० च्या दशकात तेथे ‘अझोटोबॅक्टेरिन’ आणि ‘फॉस्फोबॅक्टेरिन’ ही जिवाणू खते लाखो हेक्टरांवर वापरली गेली. यशाचे मोठमोठे अहवाल आले. पुढे मिशुस्तिन या सोव्हिएत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह त्या सर्व प्रयोगांची कठोर फेरतपासणी केली आणि १९६२ च्या सुमारास निष्कर्ष मांडला की, उत्पन्नातील वाढ बहुधा अल्प असते आणि तीही सर्वत्र मिळत नाही. ज्या देशात लिसेंकोच्या हडेलहप्पीने आनुवंशिकी विज्ञानाची अपरिमित हानी झाली होती, त्याच देशातील एका शास्त्रज्ञाने अधिकृत उत्साहाला आकडेवारीने लगाम घातला. विज्ञान असे पुढे जाते. आज आपल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांची अशी फेरतपासणी कोण करणार? ती विकणाऱ्या कंपन्या?

आता चौथ्या उपदेशकाकडे, म्हणजे नैसर्गिक शेतीच्या आचार्यांकडे. या विचाराचे प्रणेते सुभाष पाळेकर हे अमरावती जिल्ह्याचेच. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पी भाषणात ‘शून्य खर्चा’च्या शेतीचा गौरव झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला २,४८१ कोटी रुपयांची मंजुरी दिली. एकरी १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि २०० लिटर पाणी यांचे जीवामृत महिन्यातून एकदा द्यावे, बाकी काही लागत नाही, असा या पंथाचा दावा आहे.

त्यातील खरे ते खरे म्हटले पाहिजे. गूळ आणि डाळीचे पीठ हे जिवाणूंचे अन्न आहे. त्यांच्यामुळे मातीतील हालचाल काही काळ वाढते. पालापाचोळ्याचे आच्छादन हा तर उत्तम उपाय आहे. त्याने ओल टिकते, कर्ब वाढतो, माती तापत नाही. कंपन्यांच्या बाटलीवर विसंबू नका, हा सल्लाही योग्यच. अनेक प्रामाणिक शेतकरी या मार्गाने गेले ते कर्जाच्या धास्तीने, आणि त्यांची टर उडवण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु जिवाणू हे स्फुरद आणि पालाश यांचे उत्पादक नव्हेत, ते हमाल आहेत. मातीत अडकलेले ते मोकळे करतात. शून्यातून निर्माण करीत नाहीत. दरवर्षी ट्रक भरभरून संत्री दिल्ली-कोलकात्याला जातात, त्यांबरोबर मातीतील पालाशही जातो. तो दहा किलो शेणाने भरून निघतो असे म्हणणे म्हणजे हिशेबाला फाटा देऊन श्रद्धेला शरण जाणे होय. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने २०१९ मध्ये या पद्धतीबद्दल सरकारला सावध केले होते. सरकारने अकादमीपेक्षा आचार्यांवर विश्वास ठेवला.

शिवाय हे जीवामृत केवळ देशी गाईच्याच शेणाचे हवे, असा आग्रह धरला जातो. म्हशीच्या शेणातील जिवाणूंना मातीत मज्जाव का, याचे जीवशास्त्रीय उत्तर मिळत नाही. आणि गाय आणायची कोठून? मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि गोऱ्हे यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हातारा बैल विकून नवा घेण्याचे शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे चक्र त्यामुळे मोडले. न खपणारे जनावर पोसणे ज्याला परवडत नाही तो जनावर ठेवीनासा होतो. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गोवंश सुमारे १० टक्क्यांनी घटला. घट होण्यास इतरही कारणे आहेत, ट्रॅक्टर आहे, चाऱ्याची टंचाई आहे. पण गाईच्या नावाने कायदा करणाऱ्यांच्या राज्यात गोठे रिकामे होत गेले आणि शेणखत महाग झाले, हे कोणाला नाकारता येईल? एका हाताने शेणखताचा उगम आटवायचा आणि दुसऱ्या हाताने शेणाचे माहात्म्य गायचे, हा ढोंगीपणा आता पुरे झाला.

बाटलीवाला आणि गोमूत्रवाला हे एकमेकांचे विरोधक म्हणून मिरवतात. वस्तुतः दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे : दोघेही मुळाच्या मातीतील प्रश्न उत्पादनसंबंधांपासून तोडतात. एकाच्या मते तो योग्य वस्तू विकत घेण्याचा प्रश्न आहे, दुसऱ्याच्या मते योग्य आचरणाचा. वीज, पाणी, रोपवाटिका, खताच्या किमती, पतपुरवठा आणि बाजार यांच्याबद्दल दोघेही मौन पाळतात. बहर फुलावर असतानाच गरजेपोटी व्यापाऱ्याला उभी बाग विकणाऱ्या शेतकऱ्याला पुढच्या दहा वर्षांच्या मातीचा विचार करण्याची उसंत ही व्यवस्था देते काय? अकरा महिन्यांच्या तोंडी कराराने जमीन कसणारा बटाईदार शेणखताच्या गाड्या कोणाच्या वारसांसाठी टाकणार? कार्ल मार्क्सने ‘भांडवल’ लिहिताना लीबिग या रसायनशास्त्रज्ञाचे ग्रंथ बारकाईने अभ्यासले होते, आणि भांडवली शेतीची प्रगती श्रमिक व जमीन या दोन्ही मूळ स्रोतांना कशी पोखरते हे १८६७ सालीच दाखवून दिले होते. लीबिगला मातीतील जीवसृष्टीची कल्पना फारशी नव्हती. त्याने खनिजांचा हिशेब मांडला. आज त्या हिशेबात जिवाणूंचे खाते उघडावे लागते, इतकाच फरक.

आणि हे खाते कोणाच्या नावे उघडले जाते, इकडे विशेष लक्ष ठेवले पाहिजे. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक कराराने वनस्पती आणि प्राणी यांना पेटंटमधून वगळण्याची मुभा दिली, पण सूक्ष्मजीवांना दिली नाही. त्याबरहुकूम २००२ साली भारताच्या पेटंट कायद्यात दुरुस्ती झाली. निसर्गात जसा सापडतो तसा जिवाणू आजही पेटंटयोग्य नाही. परंतु त्यात मानवी हस्तक्षेपाने बदल केला की तो खासगी मालमत्ता होऊ शकतो. संत्र्याच्या झाडावर मक्तेदारी सांगता येणार नाही, पण त्याच्या मुळावरच्या जिवाणूच्या सुधारित वंशावर सांगता येईल! तो मूळ वंश जिच्यात घडला ती माती पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या श्रमाने घडली, हा प्रश्न कोणत्याही पेटंट अर्जात विचारला जात नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिकांच्या हिश्श्याची थोडीफार तरतूद केली होती. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातील फौजदारी शिक्षा काढून केवळ दंड ठेवला. दंड ही मोठ्या कंपनीच्या दृष्टीने खर्चाची एक बाब असते.

याउलट सार्वजनिक विज्ञान काय करू शकते, याचे उदाहरण नागपुरातच आहे. १९८५ साली तेथे लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. २०१४ पासून ते केंद्रीय संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. तेथील शास्त्रज्ञांनी नागपुरी संत्र्याच्याच मूलपरिसरातून अझोटोबॅक्टर, स्यूडोमोनास, बॅसिलस, ट्रायकोडर्मा असे जीव वेगळे करून त्यांचा समूह तयार केला आणि तो शेणखत व रासायनिक खत यांच्या जोडीने वापरून पाहिला. दुसऱ्या प्रदेशातून आणलेला पाहुणा नव्हे, तर इथल्याच मातीत वाढलेला, आणि उपाशी न ठेवता अन्नासह दिलेला. २०१८ साली सहा खंडांतील लिंबूवर्गीय बागांच्या मुळांचा जो आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसले की, हवा-पाणी-माती भिन्न असूनही या झाडांच्या मुळांशी जीवांचा एक समान गाभा सर्वत्र आढळतो. झाड आपले सोबती निवडून घेते. म्हणजे शास्त्रज्ञांपुढचे काम नवा जीव विकण्याचे नसून, झाडाची ही निवड ज्या परिस्थितीत फलद्रूप होते ती परिस्थिती शेतात निर्माण करण्याचे आहे. हे काम बाटलीत भरता येत नाही, म्हणूनच त्यात कोणत्याही कंपनीला रस नाही.

परंतु नागपूरच्या प्रयोगशाळेपासून नरखेडच्या बागेपर्यंतचा रस्ता मधेच तुटलेला आहे. तो रस्ता म्हणजे कृषी विस्ताराची यंत्रणा. गावपातळीवरच्या कृषी कर्मचाऱ्याकडे अनेक गावे, असंख्य योजनांचे अर्ज आणि छायाचित्रे पाठवण्याचे काम; बागेत बसून मूळ उकरून पाहण्यास त्याला वेळ नाही. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत तयार होणारे ट्रायकोडर्मा स्वस्त आणि ताजे असते, पण ते मिळवण्यासाठी शेतकऱ्याला अकोल्याला किंवा नागपूरला खेप मारावी लागते. कंपनीची बाटली मात्र गावातल्या दुकानात, उधारीवर, सल्ल्यासकट मिळते. उधारीवर सल्ला देणारा दुकानदार आणि पगारी सल्लागार नसलेले सरकार, यांतून शेतकरी कोणाकडे जाणार?

सोलापूर-सांगोल्यातील डाळिंबाचा मर रोग असो, की नाशिकच्या द्राक्षबागांत वर्षानुवर्षांच्या फवारण्यांतून मातीत साठणारे तांबे असो, तपशील बदलतात, गाठ हीच असते.

संत्रा पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या मागण्या यातूनच स्पष्ट होतात, आणि त्या कोणत्याही तहसील कचेरीपुढे मांडता येण्याजोग्या आहेत. शेतीपंपांना दिवसा वीज द्या. १९६९ च्या कायद्याखाली परवाना असलेल्या प्रत्येक रोपवाटिकेच्या मातीची फायटोफ्थोरासाठी दरवर्षी तपासणी करा आणि तिचा निकाल रोपवाटिकेच्या फाटकावर लावा. मृदा आरोग्य पत्रिकेत जैविक चाचणीची भर घाला. प्रत्येक संत्रा तालुक्यात जिवाणू खते व ट्रायकोडर्मा तयार करणारी आणि बाजारातल्या पाकिटांतील जिवंत पेशी मोजून देणारी सार्वजनिक प्रयोगशाळा उभारा. सार्वजनिक पैशातून शोधलेले जिवाणूंचे वंश खासगी मक्त्याने देऊ नका. आणि जी हजारो जैवउत्तेजके छाननीत बाद झाली, त्यांची नावे, त्यांच्या उत्पादकांची नावे आणि कोणत्या जिल्ह्यात त्यांची किती विक्री झाली त्याची यादी मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ३०,००० चा आकडा मंत्र्यांना ठाऊक आहे. म्हणजे यादी कोठेतरी असलीच पाहिजे.